रोमच्या भूगर्भातील साक्ष : पुरातत्त्वज्ञ ज्योव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी यांचे जीवनकार्य

पवित्र मिस्साबलिदानातील पहिल्या कृतज्ञतास्तवनाच्या प्रार्थनेत प्रेषितांच्या नावांमागोमाग काही प्राचीन रोमन नावे उच्चारली जातात : लायनस, क्लीटस, क्लेमंट, सिक्स्टस, कॉर्नेलियस, सिप्रियन, लॉरेन्स. शतकानुशतके ही नावे ख्रिस्तसभेच्या ओठांवर आहेत. तथापि ही माणसे कोठे पुरली गेली, त्यांच्या कबरींचे पुढे काय झाले, याचे उत्तर सुमारे हजार वर्षे कोणालाच नेमकेपणे देता येत नव्हते. परंपरा होती, दंतकथा होत्या, श्रद्धा तर होतीच. परंतु डोळ्यांनी पाहावा आणि हातांनी चाचपावा असा पुरावा मातीखाली गाडला गेला होता.

हा पुरावा शोधून काढण्याचे श्रेय प्रामुख्याने एका प्रापंचिक विद्वानाकडे जाते. त्यांचे नाव ज्योव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी. प्राचीन ख्रिस्ती अवशेषांच्या अभ्यासाला त्यांनी शास्त्राचे रूप दिले. ख्रिस्ती पुरातत्त्वविद्येचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांच्या जीवनाचा आणि कार्यपद्धतीचा हा परिचय.

कॅटाकोम्ब म्हणजे काय?

दे रोस्सी यांचे कार्य समजून घेण्यासाठी प्रथम रोमच्या भुयारी दफनभूमींची ओळख करून घेणे आवश्यक आहे. प्राचीन रोमन कायद्यानुसार नगराच्या हद्दीत मृतांचे दफन अथवा दहन करण्यास मनाई होती. त्यामुळे नगराबाहेर जाणाऱ्या मोठ्या राजमार्गांच्या दोन्ही बाजूंना स्मशाने वसली. रोमभोवतालची जमीन तुफा नावाच्या ज्वालामुखीजन्य खडकाची आहे. हा खडक खोदावयास सोपा असतो आणि हवा लागल्यावर अधिक टणक होतो. साहजिकच जमिनीखाली दालने खोदून त्यांत मृतदेह ठेवण्याची प्रथा तेथे रूढ झाली. यहुदी आणि बहुदेवपूजक रोमन कुटुंबांचीही अशी भूमिगत स्मशाने होती. ख्रिस्ती लोकांनी मात्र ही पद्धत फार मोठ्या प्रमाणावर अवलंबिली, कारण त्यांच्या समुदायात गरिबांनाही सन्मानाने मूठमाती देणे हे कर्तव्य मानले जात असे.

अशा दफनभूमीत अरुंद बोळ असत. बोळाच्या दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कोनाडे खोदून त्यांत वस्त्रात गुंडाळलेला देह ठेवीत आणि कोनाड्याचे तोंड विटांनी अथवा संगमरवरी फरशीने बंद करीत. सधन कुटुंबांसाठी अथवा विशेष आदरणीय व्यक्तींसाठी स्वतंत्र दालने आणि कमानीखालील कबरी असत. खोदकाम करणाऱ्यांचा एक वेगळा वर्गच होता. एक मजला भरला की त्याखाली दुसरा, मग तिसरा, असे हे काम चाले. एकट्या संत कॅलिक्स्टस दफनभूमीतील बोळांची लांबी सुमारे वीस किलोमीटर सांगितली जाते. ख्रिस्ती लोक या जागेला ग्रीक भाषेतून आलेला जो शब्द वापरीत त्याचा मूळ अर्थ ‘निजण्याचे ठिकाण’ असा आहे. पुनरुत्थानाची आशा त्या एका शब्दात सामावलेली होती.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. धर्मछळाच्या काळात ख्रिस्ती लोक या भुयारांत लपून राहत आणि तेथेच नित्याची उपासना करीत, असे चित्र कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी रूढ केले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. या जागा कोणापासून लपविलेल्या नव्हत्या. सम्राट व्हॅलेरियन याने इ. स. २५७ मध्ये ख्रिस्ती लोकांना त्यांच्या दफनभूमींत जाण्यास बंदी केली, यावरूनच शासनाला त्या ठाऊक होत्या हे उघड होते. या जागा मुख्यतः स्मशाने होती. तेथे मृतांच्या स्मरणार्थ आणि रक्तसाक्षींच्या स्मृतिदिनी भाविक जमत असत, एवढेच.

विस्मरणाची शतके

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला स्वातंत्र्य लाभल्यानंतर या दफनभूमी यात्रास्थाने बनल्या. पोप संत दामासस (इ. स. ३६६ ते ३८४) यांनी रक्तसाक्षींच्या कबरींचा शोध घेतला, जिने रुंद केले आणि कबरींजवळ आपल्या लॅटिन पद्यरचना संगमरवरावर कोरून लावल्या. ही अक्षरे फ्युरियस डायोनिसियस फिलोकॅलस या सुलेखनकाराने रेखाटली होती. त्यांच्या टोकांना केसासारखी बारीक वळणे असत, त्यामुळे ती पाहताक्षणी ओळखू येतात. या तपशिलाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

इ. स. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला आणि आठव्या शतकात लोम्बार्ड लोकांनी आक्रमण केले. नगराबाहेरील दफनभूमींची या काळात मोठी नासधूस झाली. अखेरीस आठव्या आणि नवव्या शतकांत पोप महोदयांनी रक्तसाक्षींचे अवशेष नगरातील चर्चेसमध्ये हलविले. कबरी रिकाम्या झाल्या तसे यात्रेकरू येईनासे झाले, जिने ढासळले, प्रवेशद्वारे बुजली आणि वर द्राक्षमळे पिकू लागले. मोजक्या जागा वगळता खाली काय आहे, याचा लोकांना विसर पडला.

१५७८ मध्ये सालारिया मार्गाजवळ मजूर खोदकाम करीत असता अचानक एक चित्रमय भुयार उघडे पडले आणि सारे रोम चकित झाले. त्यानंतर आंतोनिओ बोसिओ (मृत्यू १६२९) यांनी आयुष्याची सुमारे पस्तीस वर्षे या भुयारांच्या शोधात वेचली. त्यांचा ‘रोमा सोत्तेर्रानेआ’ म्हणजे ‘भूमिगत रोम’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. परंतु त्यांच्यामागून भुयारांत उतरलेल्यांपैकी बहुतेकांना अभ्यासापेक्षा अवशेष हवे होते. अनाम कबरींतील अस्थी रक्तसाक्षींच्या म्हणून बाहेर काढण्यात आल्या आणि युरोपभर पाठविण्यात आल्या. शिलालेख मूळ जागेवरून उखडले गेले. कोणता लेख कोणत्या कबरीवर होता याची नोंदही राहिली नाही. भक्तीच्या भरात इतिहासाची अपरिमित हानी झाली.

बालपण, शिक्षण आणि गुरू

दे रोस्सी यांचा जन्म फेब्रुवारी १८२२ मध्ये रोम येथे एका प्रतिष्ठित कुटुंबात झाला. बालवयातच वडिलांनी त्यांना बोसिओ यांचा ‘भूमिगत रोम’ हा ग्रंथ भेट दिला. दोन शतकांपूर्वीच्या त्या ग्रंथाने मुलाच्या मनाची पकड घेतली ती कायमची. किशोरवयात व्हॅटिकनच्या शिलालेख-दालनात एक ग्रीक लेख उतरवून घेत असताना पुढे कार्डिनल झालेले थोर विद्वान आंजेलो माई यांची त्यांच्यावर दृष्टी पडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. येशूसंघीयांच्या रोमन महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञानाचा आणि रोमच्या विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. वकिली मात्र केली नाही. व्हॅटिकन ग्रंथालयात त्यांची नेमणूक झाली आणि तेथील लॅटिन हस्तलिखितांची सूची करण्याचे काम त्यांच्याकडे आले. हे काम त्यांनी आयुष्यभर केले. १८७८ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी व्हॅटिकन ग्रंथालयातील ख्रिस्ती संग्रहालयाची जबाबदारीही त्यांच्यावर सोपविली.

येशूसंघीय फादर ज्युसेप्पे मार्की हे त्यांचे या क्षेत्रातील गुरू. भुयारांच्या रक्षणाचे काम मार्की यांच्याकडे होते. १८४५ मध्ये मार्की यांना संत हायसिंथ या रक्तसाक्षीची न उघडलेली कबर मूळ लेखासह सापडली. सारे काही लुटले गेले आहे असे मानणाऱ्यांना हे अनपेक्षित उत्तर होते. तरुण दे रोस्सी आपल्या गुरूंबरोबर भुयारांत हिंडत असत. लवकरच शिष्य गुरूच्या पुढे गेला आणि गुरूने ते मोकळ्या मनाने स्वीकारले.

नवी कार्यपद्धती

दे रोस्सी यांच्या आधीचे शोधक भुयार सापडले की आत शिरत आणि जे हाती लागेल ते टिपून घेत. दे रोस्सी यांनी क्रम उलटा केला. प्रथम ग्रंथालय, मग भुयार. सातव्या शतकात रोमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी लिहिलेल्या काही मार्गदर्शिका जुन्या हस्तलिखितांत शिल्लक होत्या. कोणत्या मार्गाने जावे, उजवीकडे कोणते चर्च लागेल, किती पायऱ्या उतरल्यावर कोणत्या रक्तसाक्षीची कबर दिसेल, असे वर्णन त्यांत क्रमवार केलेले होते. त्याचप्रमाणे पोप थोर ग्रेगरी यांच्या काळात राणी थिओडेलिंडा हिच्यासाठी रक्तसाक्षींच्या कबरींपुढील दिव्यांतील तेल कुप्यांतून नेण्यात आले होते. त्या कुप्यांची यादी मोन्झा येथील चर्चमध्ये जपून ठेवलेली होती. कबरींच्या भेटीचा क्रम या यादीवरूनही कळत होता.

या सर्व साधनांची परस्परांशी तुलना करून दे रोस्सी यांनी प्राचीन दफनभूमींचा एक नकाशा आधी कागदावर मांडला. त्यानंतर जमिनीवर कोणत्या खुणा शोधावयाच्या हे त्यांनी ठरविले. रक्तसाक्षीच्या कबरीपाशी यात्रेकरूंची गर्दी होत असे. म्हणून तेथे मागाहून रुंद केलेला जिना असणार, उजेडासाठी वरून खोदलेला झरोका असणार, भिंतींना आधार देणारे विटांचे बांधकाम असणार, भिंतीवर यात्रेकरूंनी खरडलेली नावे व प्रार्थना असणार आणि कदाचित दामासस यांच्या पद्यलेखाचे तुकडेही असणार. या खुणा एकत्र आल्या की तेथे इतिहासप्रसिद्ध कबर आहे असे समजावे. आज ही विचारसरणी सरळ वाटते, परंतु त्यापूर्वी कोणीही ती पद्धतशीरपणे वापरलेली नव्हती.

अर्धा शिलालेख

या पद्धतीची कसोटी १८४९ मध्ये लागली. आप्पिया मार्गावरील एका द्राक्षमळ्यात दे रोस्सी यांना संगमरवराचा एक तुटका तुकडा आढळला. त्यावर ‘…नेलियस मार्टिर’ एवढीच अक्षरे होती. मार्टिर म्हणजे रक्तसाक्षी. पहिली अक्षरे तुटून गेली होती. दे रोस्सी यांनी ती मनात भरून काढली : कॉर्नेलियस. पोप संत कॉर्नेलियस यांचे इ. स. २५३ मध्ये हद्दपारीत निधन झाले होते आणि त्यांचा देह नंतर रोमला आणून कॅलिक्स्टस दफनभूमीनजीक पुरला होता, असे यात्रा-मार्गदर्शिका सांगत होत्या.

अडचण अशी होती, की कॅलिक्स्टस दफनभूमी म्हणजे संत सबॅस्टियन यांच्या चर्चखालचे भुयार, असे त्या वेळी सर्वजण मानीत. तेथे तशी पाटीही मध्ययुगात लावण्यात आली होती. दे रोस्सी यांनी मात्र मार्गदर्शिकांतील अंतरांवरून असा निष्कर्ष काढला होता, की खरी कॅलिक्स्टस दफनभूमी रोमच्या अधिक जवळ, या द्राक्षमळ्यांखाली आहे. तुटक्या तुकड्याने त्यांचे अनुमान पक्के केले. त्यांच्या विनंतीवरून पोप नववे पायस यांनी ती जमीन विकत घेतली. ६ जानेवारी १८५२ रोजी पोप महोदयांनी पवित्र पुरातत्त्व आयोगाची स्थापना केली आणि उत्खननाला अधिकृत आधार मिळाला.

त्याच वर्षी भुयारात एक मोठी कबर सापडली. तिच्यापाशी संगमरवराचा उरलेला तुकडा होता आणि त्यावर नावाचा आरंभ होता. दोन्ही तुकडे जोडताच लेख पूर्ण झाला : ‘कॉर्नेलियस, मार्टिर, बिशप’. कबरीशेजारी संत कॉर्नेलियस आणि त्यांचे समकालीन, कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांची नंतरच्या काळात काढलेली चित्रेही होती. या दोघांचा सण ख्रिस्तसभा आजही १६ सप्टेंबर या एकाच दिवशी साजरा करते.

पोप महोदयांचे दालन

संत कॉर्नेलियस यांच्या कबरीहून अधिक महत्त्वाचा शोध १८५४ मध्ये लागला. जवळच्या भागात मातीने आणि दगडविटांनी भरलेले एक दालन होते. त्याच्या प्रवेशद्वाराजवळील गिलाव्यावर यात्रेकरूंनी खरडलेल्या प्रार्थनांची दाटी होती. दे रोस्सी यांना खात्री पटली की हेच तिसऱ्या शतकातील पोप महोदयांचे दफनदालन असावे. मलबा हलक्या हाताने काढला गेला, प्रत्येक तुकडा बाजूला ठेवला गेला आणि फुटक्या फरशांवरून एकेक नाव जुळू लागले : अँटेरस, फेबियन, ल्युशियस, युटिकियन. ही सर्व नावे ग्रीक अक्षरांत होती, कारण तिसऱ्या शतकापर्यंत रोमच्या ख्रिस्तसभेचा अधिकृत व्यवहार ग्रीक भाषेत चाले. नावापुढे बहुधा ‘बिशप’ एवढीच पदवी. अलंकार नाही, स्तुती नाही.

पोप संत फेबियन यांचा लेख विशेष लक्षणीय आहे. सम्राट डेसियस याने आरंभिलेल्या छळात इ. स. २५० मध्ये ते हुतात्मा झाले. त्यांच्या नावानंतर ‘रक्तसाक्षी’ या अर्थाची संक्षिप्त अक्षरे आहेत. परंतु ती इतर अक्षरांइतकी खोल नाहीत आणि वेगळ्या हाताने कोरलेली आहेत. कबर बंद झाल्यानंतर ती जोडली गेली, हे दे रोस्सी यांनी दाखवून दिले. एखाद्याला रक्तसाक्षी म्हणण्यापूर्वी ख्रिस्तसभा किती सावध असे, याचा हा दगडावरचा पुरावा मानला जातो.

याच दालनात दामासस यांच्या प्रसिद्ध पद्यलेखाचे शंभराहून अधिक तुकडे मिळाले. ते जुळविणे कसे शक्य झाले? मध्ययुगातील काही यात्रेकरूंनी रोममधील शिलालेख वहीत उतरवून नेले होते आणि त्या वह्यांच्या नकला युरोपातील ग्रंथालयांत होत्या. दे रोस्सी यांना त्या परिचित होत्या. संपूर्ण मजकूर ठाऊक असल्यामुळे आणि फिलोकॅलसची वळणदार अक्षरे ओळखू येत असल्यामुळे प्रत्येक तुकड्याची जागा ठरविता आली. पोप संत सिक्स्टस दुसरे आणि त्यांचे डीकन यांना येथे पुरल्याचा उल्लेख त्या लेखात आहे. ६ ऑगस्ट २५८ रोजी पोप सिक्स्टस यांना दफनभूमीतच पकडून ठार मारण्यात आले होते.

मे १८५४ मध्ये पोप नववे पायस स्वतः या दालनात उतरले. हे खरोखरच आपल्या पूर्वसूरींचे लेख आहेत काय, असे त्यांनी विचारले आणि आपल्याच आसनावर पंधरा-सोळा शतकांपूर्वी बसलेल्या व्यक्तींची नावे वाचून त्यांचे डोळे पाणावले, असे सांगितले जाते. लगतच्या दालनात संत सिसिलिया हिची मूळ कबर असल्याचेही निश्चित झाले. नवव्या शतकात पोप पहिले पास्कल यांनी तिचा देह नगरात हलविला होता.

बंधू, सहकारी आणि ग्रंथ

या कार्यात दे रोस्सी यांना धाकटे बंधू मिकेले स्तेफानो यांचे अमोल साहाय्य लाभले. ते भूगर्भशास्त्रज्ञ होते. भुयारांचे मोजमाप घेता घेता नकाशाही काढणारे एक यंत्र त्यांनी तयार केले आणि १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ते गौरविले गेले. ख्रिस्ती लोकांनी जुन्या दगडखाणींत मृतदेह पुरले, हे जुने मत त्यांनी खडकाच्या अभ्यासावरून खोडून काढले. खाणीतून उपयुक्त दगड काढावयाचा असता तर बोळ इतके अरुंद आणि कोन इतके काटकोनी राहिले नसते. म्हणजेच ही भुयारे दफनासाठीच खोदलेली होती. भूकंपाची तीव्रता मोजण्याच्या एका प्रसिद्ध श्रेणीलाही मिकेले यांचे आणि स्विस शास्त्रज्ञ फोरेल यांचे नाव जोडलेले आहे.

दे रोस्सी यांचा ‘रोमा सोत्तेर्रानेआ क्रिस्तियाना’ हा ग्रंथ १८६४, १८६७ आणि १८७७ मध्ये तीन खंडांत निघाला. त्यापूर्वीच रोममधील ख्रिस्ती शिलालेखांच्या संग्रहाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला होता. त्यात ज्यांचा काळ निश्चित सांगता येतो असे तेराशेहून अधिक लेख कालक्रमाने मांडलेले आहेत. काळ ठरविता येतो तो लेखात उल्लेखिलेल्या त्या वर्षीच्या रोमन कॉन्सलांच्या नावांवरून. एकदा असे काळ-निश्चित लेख हाती आले, की कोणत्या दशकात कोणती अक्षरवळणे, कोणती चिन्हे, कोणते शब्द प्रचलित होते हे उमगते आणि त्यावरून काळ न दिलेल्या हजारो लेखांचाही अंदाज बांधता येतो. १८६३ पासून त्यांनी ख्रिस्ती पुरातत्त्वाला वाहिलेले एक नियतकालिक चालविले आणि त्यातील बहुतांश लेखन आयुष्यभर स्वतःच केले.

जर्मन प्रोटेस्टंट कुटुंबात जन्मलेले इतिहासकार थिओडोर मोम्झेन यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह होता. समग्र लॅटिन शिलालेखांच्या विराट प्रकल्पात त्यांनी मोम्झेन आणि हेन्त्सेन यांच्याबरोबर काम केले. १८७० मध्ये पोप महोदयांचे राज्य संपुष्टात येऊन रोम इटलीची राजधानी झाले. दे रोस्सी पोप महोदयांशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिले. तरीही नव्या रोमच्या महानगरपालिकेने नेमलेल्या पुरातत्त्व आयोगातही ते काम करीत राहिले. प्राचीन अवशेषांचे रक्षण राजकीय भांडणासाठी थांबवावे, असे त्यांना वाटले नाही.

पुराव्याशी इमान

दे रोस्सी हे सश्रद्ध कॅथलिक होते. त्यांच्या काळी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लेखकांमध्ये तीव्र वाद चालू होते आणि भुयारांतील प्रत्येक चित्राचा उपयोग कोणी ना कोणी शस्त्रासारखा करू पाहत असे. दे रोस्सी यांनी स्वतःसाठी मर्यादा आखून घेतली होती. दगड काय सांगतो ते पुरातत्त्वज्ञाने नेमके सांगावे. त्यावरून सिद्धांत मांडण्याचे काम ईशज्ञानाच्या पंडितांनी करावे. याच संयमामुळे विरोधी मतांचे विद्वानही त्यांचा शब्द प्रमाण मानीत.

फ्लोरेन्स येथील ग्रंथालयात असलेल्या ‘कोडेक्स आमियातिनुस’ या प्राचीन लॅटिन बायबलचे उदाहरण बोलके आहे. त्यावरील अर्पणपत्रात ‘लोम्बार्डांचा मठाधिपती पीटर’ असे नाव होते. दे रोस्सी यांच्या लक्षात आले, की काही अक्षरे खरवडून त्यांच्या जागी नवी लिहिलेली आहेत. मूळ नाव इंग्लंडमधील मठाधिपती चेओल्फ्रिड यांचे असले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यामुळे हा ग्रंथ आठव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये तयार झाला हे सिद्ध झाले. मात्र एका शब्दाची त्यांनी केलेली पूर्ती इंग्रज विद्वान हॉर्ट यांनी जुन्या चरित्राच्या आधारे दुरुस्त केली. मुख्य शोध अबाधित राहिला, तपशील सुधारला गेला. शास्त्र असेच पुढे जाते.

दे रोस्सी यांची काही मतेही पुढील पिढ्यांनी बदलली आहेत. कॅलिक्स्टस दफनभूमीतील काही भाग त्यांना वाटत होते तितके प्राचीन नाहीत. त्यांचा आरंभ दुसऱ्या शतकाच्या अखेरीस झाला असे आता मानले जाते. अंत्यसंस्कारासाठी स्थापिलेल्या रोमन मंडळांच्या कायदेशीर आडोशाने ख्रिस्ती समुदायाने या जागा मिळविल्या, हा त्यांचा तर्कही आज सर्वमान्य नाही. तरीही ही दुरुस्ती ज्या साधनांनी झाली ती साधने त्यांनीच घडविली होती.

त्यांचे शिष्य ओराझिओ मारुक्की यांना या पद्धतीची किंमत एका नाजूक प्रसंगी कळली. १८०२ मध्ये प्रिसिला दफनभूमीत तीन विटांनी बंद केलेली एक कबर सापडली होती. विटांवरील रंगवलेल्या अक्षरांवरून ‘फिलोमेना’ हे नाव वाचले गेले आणि या नावाची भक्ती जगभर पसरली. आपल्या देशातही म्हैसूरचे भव्य कॅथीड्रल तिच्या नावाने प्रसिद्ध आहे. विटांचा क्रम चुकीचा का, हा प्रश्न मात्र उरला होता. मारुक्की यांनी १९०४ मध्ये असे मत मांडले, की त्या विटा आधीच्या दुसऱ्या कबरीच्या असून पुन्हा वापरताना त्यांचा क्रम मुद्दाम बदललेला आहे. म्हणून आत सापडलेल्या अस्थी त्या फिलोमेनेच्या ठरत नाहीत. १९६१ मध्ये तिचा सण उपासना-पंचांगातून वगळण्यात आला. अनेक भाविकांना याचे दुःख झाले आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. परंतु ज्या निकषावर कॉर्नेलियस यांची कबर खरी ठरली, तोच निकष येथेही लावणे भाग होते. सोयीचा तेव्हा पुरावा मानावा आणि गैरसोयीचा तेव्हा दृष्टीआड करावा, असे केले असते तर पहिल्या शोधालाही किंमत उरली नसती.

अखेरची वर्षे आणि वारसा

१८७४ च्या सुमारास दे रोस्सी यांनी डोमिटिला दफनभूमीत संत नेरेउस आणि संत अकिलेउस यांच्या स्मरणार्थ बांधलेले भूमिगत चर्च उजेडात आणले. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त १८९२ मध्ये देशोदेशींच्या विद्वानांनी त्यांचा गौरव केला. १८९३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तरी लेखन थांबले नाही. फ्रेंच धर्मगुरू व इतिहासकार ल्युई द्युशेन यांच्यासमवेत त्यांनी संपादिलेली रक्तसाक्षींची प्राचीन नामावली १८९४ मध्ये प्रसिद्ध झाली. २० सप्टेंबर १८९४ रोजी कास्तेल गांदोल्फो येथे त्यांचे निधन झाले.

मारुक्की, आर्मेल्लिनी, स्टीव्हन्सन या त्यांच्या शिष्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या जर्मन धर्मगुरू जोसेफ विल्पर्ट यांनी हे कार्य पुढे चालविले. १९२५ मध्ये पोप अकरावे पायस यांनी पवित्र पुरातत्त्व आयोगाला परमगुरुपीठाचा दर्जा दिला आणि ख्रिस्ती पुरातत्त्वविद्येसाठी स्वतंत्र उच्च शिक्षणसंस्था स्थापन केली. रोमच्या भूमिगत ख्रिस्ती दफनभूमींची देखभाल आजही हाच आयोग करतो आणि कॅलिक्स्टस दफनभूमीत यात्रेकरूंना मार्गदर्शन करण्याची सेवा १९३० पासून सलेशियन संघाकडे आहे. दे रोस्सी यांनी लेखांचे तुकडे शक्य तेथे मूळ जागीच परत बसविले, त्यामुळे आजच्या यात्रेकरूला फेबियन आणि अँटेरस यांची नावे त्यांच्याच दालनात वाचावयास मिळतात.

दालनातील एक जागा मात्र दे रोस्सी यांच्या हयातीत रिकामी राहिली. पोप संत पोंशियन हेही तेथेच पुरलेले असणार, असे जुन्या नोंदी सांगत होत्या, परंतु त्यांचा लेख मिळाला नव्हता. १९०९ मध्ये संत सिसिलियाच्या दालनाजवळील एका विहिरीचा गाळ उपसताना विल्पर्ट यांना संगमरवराचे काही तुकडे सापडले. ते जुळविले तेव्हा ग्रीक अक्षरांत नाव उमटले : पोंशियन, बिशप. जुन्या हस्तलिखितांवर विसंबून दे रोस्सी यांनी मांडलेले अनुमान त्यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी खरे ठरले होते.